मैदानातला खेळ ओसरीवर कसा आला?

कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गावचे पैलवान खाशाबा जाधव यांनी जुलै १९५२ मध्ये फिनलंड देशातील हेलसिंकी येथे ऑलिंपिकचे कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताला वैयक्तिक खेळात मिळालेले ते पहिले पदक. त्यांना परदेशी धाडण्यासाठी गावकऱ्यांनी वर्गणी काढली होती. पदक घेऊन ते परतले तेव्हा बैलगाड्या जोडून त्यांची मिरवणूक काढण्यात आली. पण ज्या कुस्तीसाठी हा सारा खटाटोप केला, ती कुस्ती गोळेश्वरात कोणी पाहिली नाही. पाहणार तरी कशी? खुद्द फिनलंडमध्ये तेव्हा दूरचित्रवाणी सुरू झालेली नव्हती, आणि आपल्या देशात ती यायला आणखी सात वर्षे अवकाश होता. डाव कसा पडला, पकड कशी सुटली, हे लोकांनी मागाहून ऐकले, तेही तोंडोतोंडी.

त्यानंतर ७२ वर्षांनी, १ ऑगस्ट २०२४ रोजी, राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे याने पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल नेमबाजीत कांस्यपदक मिळवले. या वेळी ज्याच्या हातात मोबाईल होता आणि मोबाईलला रेंज होती, त्याला प्रत्येक गोळी कुठे लागली, तिला किती गुण मिळाले, पुढचा कोण आणि मागचा कोण, हे जागच्या जागी दिसत होते.

या दोन पदकांच्या मध्ये काय काय घडले, हे शेतकरी कुटुंबांनी समजून घेण्यासारखे आहे. खेळाची आवड म्हणून तर आहेच, पण आणखीही एक कारण आहे. चित्र आकाशातून येते म्हणून ते सर्वांना सारखेच मिळते, असा आपला समज असतो. कालव्याला पाणी सुटले म्हणजे ते शेवटच्या शेतापर्यंत पोचलेच, असे आपण कधी म्हणत नाही. मध्ये दारे असतात, पाळ्या असतात, पाणीपट्टी असते. खेळांच्या प्रक्षेपणाचेही तसेच आहे.

बर्लिनच्या खोल्या

मोठ्या जागतिक स्पर्धेचे पहिले प्रक्षेपण १९३६ साली जर्मनीत बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी झाले. ध्यानचंद यांच्या हॉकी संघाने अंतिम सामन्यात जर्मनीला ८-१ असे हरवले, तेच हे ऑलिंपिक. मैदानात ठेवलेला एक कॅमेरा इतका लांबलचक होता की लोक त्याला तोफच म्हणत. दुसरी पद्धत आणखी गमतीची होती. खेळाची फिल्म घ्यायची, ती मोटारीतच धुऊन काढायची, आणि ओली असतानाच तिच्यावरून चित्र पुढे पाठवायचे. चित्रही बेताचेच. आजच्या चांगल्या संचावर १,०८० आडव्या रेघांचे चित्र दिसते, तेव्हा ते १८० रेघांचे होते. माणूस धावतो आहे एवढे कळे, तोंड ओळखणे कठीण.

लोकांच्या घरी संच नव्हतेच. म्हणून शहरात सार्वजनिक खोल्या उघडून तेथे संच ठेवले होते, आणि सुमारे दीड लाख लोकांनी तेथे जाऊन स्पर्धा पाहिल्या. हिटलरच्या सरकारला आपल्या राजवटीची शान मिरवायची होती, त्यासाठी हा खर्च केलेला होता. हेतू वाईट, पण गावचावडीवर एक संच ठेवून सर्वांनी मिळून पाहण्याची कल्पना तेथे पहिल्यांदा दिसली, हेही खरे.

मग महायुद्ध झाले. १९४८ मध्ये लंडनला ऑलिंपिक भरले तेव्हा बीबीसीने साठाहून अधिक तास प्रक्षेपण केले. संच मात्र लंडन आणि आसपासच्या मुलखातच होते, कारण प्रक्षेपण केंद्राची मजल तेवढीच होती. या स्पर्धेतली एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. चित्रणाच्या हक्कासाठी बीबीसीने संयोजकांना एक हजार गिनी देऊ केल्या. खेळ दाखवायचा तर पैसे मोजावे लागतील, हा विचार येथे रुजला. त्या बियाचा पुढे केवढा वृक्ष झाला ते पुढे येईलच.

डोंगरावरून उपग्रहाकडे

दूरचित्रवाणीची लहर सरळ रेषेत जाते. मध्ये डोंगर आला की ती अडते, आणि पृथ्वी गोल असल्यामुळे काही अंतरानंतर ती जमिनीच्या वरून निघून जाते. यावर पहिला उपाय म्हणजे उंच जागी मनोरे बांधून एकाने दुसऱ्याला निरोप द्यावा तशी लहर पुढे पाठवणे. १९५४ साली युरोपातील देशांनी आपापले मनोरे असे जोडून घेतले आणि स्वित्झर्लंडमधील फुटबॉलची विश्वचषक स्पर्धा शेजारच्या देशांत घडत असतानाच दिसली. आपल्याकडे सिंहगडावर पुण्यासाठी जे सहक्षेपण केंद्र झाले, तेही याच तत्त्वावर.

पण समुद्रात मनोरे कोण बांधणार? १९६० च्या रोम ऑलिंपिकचे युरोपभर थेट प्रक्षेपण झाले, पण अमेरिकेतील लोकांसाठी चित्रफिती विमानात घालून न्यूयॉर्कला न्याव्या लागत. याच रोममध्ये आपल्या मिल्खासिंगांचे ४०० मीटरचे पदक थोडक्यात हुकले. आपल्याकडे त्या वेळी फक्त दिल्लीत, १५ सप्टेंबर १९५९ पासून, प्रायोगिक केंद्र चालू होते. मिल्खासिंगांची ती शर्यत देशाने वर्तमानपत्रात वाचली.

खरा पालट १९६४ मध्ये टोकियोला झाला. अमेरिकेचा सिन्कॉम-३ हा उपग्रह पॅसिफिक महासागराच्या वर ठेवलेला होता आणि त्याच्यामार्फत जपानमधले चित्र थेट अमेरिकेत पोचले. विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर ठेवलेला उपग्रह पृथ्वीभोवती एक फेरी मारायला बरोबर एक दिवस घेतो. पृथ्वीही तेवढ्याच वेळात स्वतःभोवती फिरते. मळणीच्या खळ्यावर मधला बैल आणि कडेचा बैल एकाच दावणीत फिरतात, कडेच्याला चाल जास्त पडते, पण दोघे एकमेकांच्या सरळच राहतात ना? तसा हा उपग्रह आपल्या डोक्यावर एकाच जागी उभा असल्यासारखा वाटतो. म्हणूनच आपल्या घरावरची थाळी एकदा बसवली की ती फिरवावी लागत नाही. चित्राला वर जाऊन खाली यायला पाव सेकंद लागतो, तेवढा उशीर सोडला तर टोकियो आणि तुमची ओसरी यांत अंतर उरत नाही.

याच काळात आणखी एक युक्ती निघाली, ती म्हणजे घडून गेलेला प्रसंग लगेच पुन्हा दाखवणे. १९६० च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये बर्फावरील एका शर्यतीत खेळाडूने फाटक चुकवले की नाही, याबद्दल पंचांना शंका आली. त्यांनी दूरचित्रवाणीवाल्यांना विचारले, तुमच्या फितीत पाहू का? पाहणे जमले, आणि मंडळींच्या डोक्यात दिवा पेटला. डिसेंबर १९६३ मध्ये अमेरिकेतील एका सामन्यात टोनी वर्ना नावाच्या निर्मात्याने अर्ध्या टनाहून जड यंत्र मैदानावर आणून पहिल्यांदा प्रसंग तात्काळ पुन्हा दाखवला. त्या वेळी निवेदकाला प्रेक्षकांना मुद्दाम सांगावे लागले की हा गुण दुसऱ्यांदा झालेला नाही! आज आपल्या घरची लहान पोरेसुद्धा 'रिप्ले दाखवतील' म्हणून थांबतात. क्रिकेटमध्ये चित्र पाहून निर्णय देणारा तिसरा पंच नोव्हेंबर १९९२ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील डर्बन कसोटीत आला, आणि त्याच्या निर्णयाने बाद झालेला जगातला पहिला फलंदाज आपला सचिन तेंडुलकर. यंत्राला मोठा-छोटा कळत नाही, हे बरेच आहे.

मेक्सिकोने १९६८ चे ऑलिंपिक आणि १९७० चा फुटबॉल विश्वचषक रंगीत दाखवला. १९७२ मध्ये म्युनिकला ऑलिंपिक भरले तेव्हा जगभर कोट्यवधी लोक संचापुढे बसले होते. त्याच स्पर्धेत अतिरेक्यांनी इस्रायलच्या खेळाडूंना ओलीस धरले, अकरा जणांचा बळी गेला आणि ते दुःखही जगाने थेट पाहिले.

आता त्याच वर्षाची, त्याच देशातली दुसरी गोष्ट सांगतो. म्युनिकच्या आधी थोडेच दिवस, ऑगस्ट १९७२ मध्येच, जर्मनीतील हायडेलबर्ग येथे अपंग खेळाडूंचे पॅरालिंपिक झाले. सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर, १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झालेले जवान, तेथे ५० मीटर पोहण्यात सुवर्णपदक जिंकले. पॅरालिंपिकमधले भारताचे ते पहिले सुवर्ण. म्युनिकसाठी जगातले कॅमेरे एकत्र झाले होते, हायडेलबर्गकडे फारसे कोणी वळले नाही. पेटकरांचे नाव आपल्या घराघरांत पोचायला जवळजवळ अर्धे शतक जावे लागले. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०२४ मध्ये त्यांच्यावर चित्रपट आला, तेव्हा कुठे पोरांना ते नाव कळले. त्याच २०२४ च्या सप्टेंबरात आटपाडी तालुक्यातील करगणीचा सचिन खिलारी पॅरिसच्या पॅरालिंपिकमध्ये गोळाफेकीत रौप्यपदक जिंकला. त्याची फेक लोकांनी पाहिली, पुन्हा पुन्हा पाहिली. जिल्हा तोच, कर्तृत्वही त्याच तोलाचे. मध्ये फरक कॅमेऱ्याचा.

जाळीची थाळी आणि एशियाड

आपल्या देशात खेड्याला दूरचित्रवाणी आधी दिसली ती खेळासाठी नव्हे, शेतीसाठी. दिल्ली केंद्राने २६ जानेवारी १९६७ रोजी 'कृषिदर्शन' सुरू केले. १ ऑगस्ट १९७५ पासून एक वर्ष अमेरिकेचा एटीएस-६ हा उपग्रह वापरून सहा राज्यांतील सुमारे २,४०० गावांत संच बसवण्यात आले. आपल्या महाराष्ट्रातली गावे त्यात नव्हती, शेजारच्या कर्नाटक आणि आंध्रातली होती. त्या संचांच्या थाळ्या दहा फुटी आणि कोंबड्यांच्या खुराड्याला लावतो तसल्या जाळीच्या होत्या. गावात मिळेल त्या वस्तूने उपग्रहाचे चित्र पकडता येते, हे आपल्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. विस्तार खात्यात काम करणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला या थाळीचे फार कौतुक वाटते.

मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. तरीही दूरदर्शन हे शहराचेच राहिले. ते बदलले दिल्लीच्या आशियाई स्पर्धांनी. १९ नोव्हेंबर ते ४ डिसेंबर १९८२ या काळातील या स्पर्धांसाठी सरकारने कंबर कसली. त्याच वर्षी १५ ऑगस्टपासून राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, रंगीत प्रक्षेपण आले, ठिकठिकाणी लहान प्रक्षेपण केंद्रे उभी राहिली. मध्येच एक विघ्न आले. एप्रिलमध्ये सोडलेला आपला इन्सॅट-१अ उपग्रह सप्टेंबरात निकामी झाला, आणि परक्या उपग्रहाचा आधार घेऊन काम तडीस न्यावे लागले. एसटीच्या निमआराम गाडीला आपण 'एशियाड' म्हणू लागलो ते याच स्पर्धांमुळे. पी. टी. उषाला दोन रौप्यपदके मिळाली, वलसम्माने अडथळ्यांच्या शर्यतीत सुवर्ण घेतले, आणि हॉकीच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानने आपल्याला ७-१ असे हरवले. पूर्वीचे पराभव आपण रेडिओवर ऐकत होतो. हा एकेक गोल डोळ्यांदेखत झाला, आणि बिचाऱ्या गोलरक्षकाला लोकांनी कित्येक वर्षे क्षमा केली नाही. आपली कबड्डी या स्पर्धांत प्रदर्शनीय खेळ म्हणून जगाला दाखवली गेली. १९९० मध्ये बीजिंगला तिला पदकाचा मान मिळाला.

खेळासाठी उभारलेल्या या व्यवस्थेचा आम्हा शेतीवाल्यांना मागाहून फायदा झाला. जेथे एशियाड दिसले तेथे 'आमची माती आमची माणसं' हा कार्यक्रमही दिसू लागला.

पुढच्या वर्षी जून १९८३ मध्ये विश्वचषक क्रिकेट आले. मी तेव्हा शाळकरी मुलगा होतो. आमच्या पुरंदर तालुक्यातल्या गावात एकच संच, तोही काळापांढरा, सरकत्या दाराच्या लाकडी पेटीतला. २५ जूनच्या शनिवारी लॉर्ड्सवरचा अंतिम सामना लागला तेव्हा ओसरी भरून माणसे अंगणात बसली होती. बायका माजघराच्या दारात. बाजरीच्या पेरणीचे दिवस, दुसऱ्या दिवशी पहाटे पाभर धरायची होती, तरी कोणी उठेना. आपले सर्व गडी १८३ धावांत बाद झाले तेव्हा दोन-चार जाणती माणसे 'चला, आता काही राम नाही' म्हणून घरी गेली. वेस्ट इंडीजचा डाव १४० धावांत आटोपला. घरी गेलेल्यांना ही बातमी रात्री आरडाओरड्यानेच कळली.

याच स्पर्धेत १८ जून रोजी टनब्रिज वेल्स येथे झिंबाब्वेविरुद्ध आपले पाच गडी १७ धावांत बाद झाले असताना कपिल देवने नाबाद १७५ धावा काढल्या होत्या. त्या डावाचे चित्रण झालेच नाही. भारतीय क्रिकेटमधला हा थोर डाव कोणालाही पुन्हा पाहता येणार नाही. पेटकरांच्या पोहण्याप्रमाणेच तो लेखी आणि ऐकीव राहिला.

८ ऑगस्ट १९८४ रोजी लॉस एंजलिसला उषाचे ४०० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीतले कांस्यपदक सेकंदाच्या शंभराव्या भागाने गेले. तिची वेळ ५५.४२, तिसऱ्या आलेल्या रुमानियाच्या धावपटूची ५५.४१. मिल्खासिंगांचे पदक गेले तेव्हा आपल्याला फक्त आकडा कळला होता. उषाची शर्यत पाहिलेल्या किती तरी आयाबहिणींनी मात्र आपल्या मुलीला पळायच्या शर्यतीत भाग घ्यायला आडकाठी केली नाही. याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही, पण गावोगावच्या शाळांच्या मैदानांवर ते दिसत होते.

पाटाचे दार कोणाच्या हाती?

आता पैशाकडे वळू. १९६० च्या रोम ऑलिंपिकसाठी अमेरिकेच्या सीबीएस कंपनीने ३ लाख ९४ हजार डॉलर दिले. १९८४ च्या लॉस एंजलिससाठी एबीसीने साडेबावीस कोटी डॉलर मोजले. २०१४ मध्ये एनबीसीने २०३२ पर्यंतच्या सहा ऑलिंपिकसाठी साडेसातशे कोटी डॉलरहून मोठा करार केला. एवढे पैसे देणारा मग वेळापत्रकातही बोलतो. १९८६ चा फुटबॉल विश्वचषक मेक्सिकोत झाला तेव्हा युरोपात संध्याकाळी दिसावा म्हणून खेळाडूंना भर दुपारच्या उन्हात खेळवले. माराडोनाने त्याबद्दल तक्रार केली, कोणी ऐकली नाही. २००८ मध्ये बीजिंगला पोहण्याच्या अंतिम शर्यती सकाळी घेतल्या, कारण तेव्हा अमेरिकेत रात्रीची जेवणे होऊन लोक संचापुढे बसलेले असतात. माल पिकवणाऱ्याच्या सोयीपेक्षा घेणाऱ्याची सोय मोठी, हा बाजाराचा नियम आपल्याला नवा नाही.

आपल्या देशात एके काळी उलटाच प्रकार होता. सामना दाखवायचा तर क्रिकेट मंडळानेच दूरदर्शनला पैसे द्यावेत, अशी मागणी होत असे. १९९३ मध्ये बंगालच्या क्रिकेट संघटनेने एका स्पर्धेचे हक्क परदेशी कंपनीला दिले, त्यावरून तंटा झाला आणि तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. फेब्रुवारी १९९५ मध्ये निकाल लागला. आकाशातल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे, त्यांवर सरकारची मक्तेदारी नाही, असे न्यायालयाने सांगितले. खासगी वाहिन्यांना वाट मोकळी झाली. चित्र सुधारले, कॅमेरे वाढले, आणि त्याबरोबर दर महिन्याचे भाडेही आले.

मग भाडे न परवडणाऱ्याने काय करायचे? ब्रिटनमध्ये हा प्रश्न आधीच उभा राहिला होता. तेथे काही स्पर्धा देशाच्या समजून त्यांची यादी करतात आणि त्या सर्वांना विनाशुल्क दिसतील अशी कायद्याने तजवीज करतात. आपल्या संसदेने २००७ मध्ये तसाच कायदा केला. राष्ट्रीय महत्त्वाच्या स्पर्धा ज्या वाहिनीकडे असतील तिने त्यांचे चित्र प्रसार भारतीला, म्हणजे दूरदर्शन व आकाशवाणीला, दिलेच पाहिजे. टीव्हीवरील जाहिरातीच्या उत्पन्नाचा किमान तीन चतुर्थांश भाग मूळ वाहिनीला आणि उरलेला प्रसार भारतीला. कोणत्या स्पर्धा, हे सरकार ठरवून जाहीर करते. ऑलिंपिक, आशियाई व राष्ट्रकुल स्पर्धा आणि भारतीय पुरुष संघाचे एकदिवसीय सामने त्यात घेतलेले आहेत. २ एप्रिल २०११ रोजी वानखेडेवर धोनीने मारलेला षटकार भाडे न भरणाऱ्या घरांतही दिसला, तो या कायद्यामुळे.

गावोगाव फिरताना मला एक प्रश्न हमखास ऐकू येतो. "साहेब, आमच्याकडे डिश आहे, महिन्याच्या महिन्याला पैसे भरतो. दूरदर्शनची वाहिनीही लागते. मग भारताचा सामना असला की तिच्यावर नेमका दुसराच कार्यक्रम का? आणि पलीकडच्या वस्तीवरचा तो, एक रुपया भरत नाही, त्याला कसा दिसतो?" प्रश्न रास्त आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की कायद्याने घेतलेले हे चित्र दूरदर्शनने फक्त स्वतःच्या केंद्रांवरून आणि स्वतःच्या मोफत डिशवरूनच दाखवावे. खासगी केबल आणि खासगी डिशवर ते देता येणार नाही, तेथे ज्याने हक्क विकत घेतले त्याचीच वाहिनी घ्यावी. म्हणजे पैसे भरणाऱ्याला दिसत नाही आणि न भरणाऱ्याला दिसते, हे खरेच आहे, आणि त्यात तुमच्या संचाचा काही दोष नाही. मला विचाराल तर कायद्याचा हेतू नीट आहे, पण ही गोष्ट गिऱ्हाईकाला डिश विकताना कोणी सांगत नाही. ती सांगितली पाहिजे.

दूरदर्शनची मोफत थाळी डिसेंबर २००४ मध्ये सुरू झाली. आज तिला डीडी फ्री डिश म्हणतात. थाळी आणि पेटी एकदा विकत घ्यायची, मग दरमहा काही नाही. जुन्या काट्याच्या अँटेनावर मिळणारी दूरदर्शनची केंद्रे गेल्या काही वर्षांत बहुतेक ठिकाणी बंद झाली, त्यामुळे पत्र्यावरच्या त्या अँटेनाची वाट पाहू नये. थाळी आपल्याकडे आग्नेयेला तोंड करून बसते, कारण तो उपग्रह विषुववृत्तावर आपल्या पूर्वेला आहे. बसवताना त्या दिशेला आज लहान असलेले, पण चार वर्षांत वाढणारे झाड आहे का ते पाहावे. निलगिरी आणि सुबाभूळ भराभर वाढतात. जोराच्या पावसात चित्र अडखळते ते लहरी पाण्याच्या थेंबांत अडकतात म्हणून. पाऊस ओसरला की आपोआप येते, त्यासाठी कोणी छपरावर चढू नये.

मोबाईलवरचा खेळ हा या साऱ्यातला नवा पाट. नोव्हेंबर २०२३ मध्ये अहमदाबादच्या विश्वचषक अंतिम सामन्याच्या वेळी एका क्षणी ५ कोटी ९० लाख लोक एकाच ॲपवर तो पाहत होते. ते मोफत होते, पण डेटा मोफत नसतो, आणि नेहमी मोफत राहील असेही नाही. हे चित्र तुकड्या-तुकड्यांनी साठवून मग दाखवले जाते, म्हणून ते टीव्हीच्या मागे पडते, कधी कधी अर्धा मिनिटही. त्यामुळे सामन्याच्या दिवशी हल्ली गावात मौज होते. आकाशवाणीचे समालोचन लावलेला दुकानदार आधी ओरडतो, मग मोफत थाळीवाल्या घरातून टाळ्या येतात, आणि पारावर मोबाईल धरून बसलेली पोरे तोपर्यंत गोलंदाजाला धावत येतानाच पाहत असतात.